डब्यावरची काळी रेघ

५ मे

प्रिय चिंगे,

रविवारी फोनवर आपण अर्धा तास बोललो आणि काहीच बोललो नाही. मावशी शेजारी बसलेली, तिला ऐकू यावं म्हणून तू स्पीकर लावलेला. त्यामुळे मी तिच्या गुडघ्यांपासून तुमच्या नळाच्या पाण्यापर्यंत सगळं विचारलं, आणि तुझा आवाज एवढा बसलेला का, तेवढं विचारायचं राहिलं. म्हणून पुन्हा आपला जुना कागदाचा मार्ग. पाकीट पोचायला चार-पाच दिवस लागतात, पण मधे कुणी ऐकत नाही.

तू विचारलंस, शनिवारी दुपारी मी फोन का उचलत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं वाचनालय होतं ना, त्याच्या तळघरात आता फूड बँक चालते. दुकानदार, शाळा, आसपासची घरं धान्य आणि डबे आणून देतात. आम्ही ते निवडतो, तारखा बघतो, खोके भरतो. ज्यांना लागतं ते शनिवारी येऊन घेऊन जातात. कुणाकडे कसला पुरावा मागत नाहीत. चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "एम.ए." त्या म्हणाल्या, "असू दे. बटाटे निवडता येतात का?" मी पुस्तकांची मुद्रितं तपासते म्हटल्यावर मला डब्यांच्या टेबलावर बसवलं. बारीक अक्षरातल्या तारखा मला चष्म्याशिवाय दिसतात, एवढीच माझी लायकी.

तिथला नियम एकच. इथे दिसलेलं माणूस इथेच सोडून जायचं. बाहेर भेटलं तर ओळख त्याने दाखवायची, आपण नाही. आणि ओळखीचं कुणी रांगेत दिसलं, तर ते जाईपर्यंत मागच्या खोलीत जाऊन बसायचं. सही नाही, शपथ नाही. मी मान डोलावली.

मी तिथे का जाते, ते अजून मला नीट सांगता येत नाही. लोकांसाठी जाते असं म्हणायला जीभ अडखळते. शनिवारची दुपार एकटीला खायला उठते, हे कारण जास्त खरं असावं.

तुझा आवाज का बसलाय?

तुझी,
मास्तरीण

१२ मे

मास्तरीणबाईंना साष्टांग नमस्कार वि. वि.

आवाजाचं काही नाही, घसा धरलाय. तुझी पत्रं म्हणजे परीक्षेचा पेपर. मी विचारलेल्या क्रमाने उत्तरं, एकही प्रश्न ऑप्शनला टाकलेला नाही. शाळा-कॉलेजात असताना आमच्या घरून तू सुट्टीला गेलीस तरी आई तुझं पत्र मोठ्याने वाचून मला म्हणायची, "बघ, उत्तर कसं द्यावं."

आता कामाचं. आईला दादाकडे पाठवायचं ठरवलंय. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेची बसची तिकिटं काढली. शेजारच्या काकू त्याच गाडीने येताहेत, त्या तिला घेऊन येतील. वहिनी गेल्यापासून दादा म्हणतोच आहे, आईला पाठव, खोली रिकामी आहे. परवाही फोनवर म्हणाला, "पाठव की, मी काय नको म्हणतोय?" पण फोनवर तो कारखान्यातले विनोद सांगतो आणि ठेवून देतो. घर कसं आहे विचारलं की म्हणतो, "घरासारखं."

तर तू जाऊन बघून ये. न्हाणीघरात धरायला काही आहे का. फ्रिज चालू आहे का, की त्यातही त्याने कारखान्याचे नकाशे भरून ठेवलेत. आईचं इन्सुलिन थंडच लागतं, या उकाड्यात बाहेर राहिलं तर वाया जातं. आणि हल्ली ती जेवायला उशीर झाला की घामाघूम होते. गेल्या महिन्यात एकदा ओट्याशीच कोसळली. तेव्हा दादाच्या घरी खाणं वेळेवर होतं का, तेही बघ.

का पाठवतेस, असं विचारू नकोस. थकलेय, एवढंच समज.

चिंगी

१८ मे
(हे टाकायचं नाही.)

चिंगे,

परवा दादाच्या घरी गेले. दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर मूल, मागच्या भिंतीला नवा रंग. म्हणाली, "ते होय? ते थंडीतच सोडून गेले. पत्ता नाही ठेवलेला."

मी तिथेच उभी राहून दादाला फोन लावला. लगेच उचलला. "कुठे आहेस?" "घरीच. कुठे असणार? पाय पसरून पेपर वाचतोय." मी त्याच्या घराच्या उंबऱ्यावर होते आणि आत दुसऱ्याचं मूल माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "बरं, वाच." फोन ठेवला.

काल शनिवार. मी डब्यांच्या टेबलाशी होते. आलेल्या प्रत्येक वस्तूच्या बारकोडवर आम्ही जाड मार्करने काळी रेघ ओढतो, म्हणजे ती वस्तू कुणी दुकानात नेऊन परत करू शकत नाही. तेच करत होते. मान वर केली तर रांगेत दादा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नियमाप्रमाणे मी उठायला हवं होतं. उठता आलं नाही. त्याने मला पाहिलं आणि सरळ टेबलाशी आला.

"अगं, तू इथे? मी म्हटलं बघावं, यांना काही मदत लागते का. घरी जुनी पुस्तकं पडलीत, तांदळाचं एक पोतंही आहे."

"सिस्टरना विचार," मी म्हटलं.

तेवढ्यात खोके देणाऱ्या मुलीने हाक मारली, "निळा बिल्ला, पुढचे कोण?" दादाची मूठ मिटली. तो माझ्याशी तांदळाचंच बोलत राहिला. पुन्हा हाक आली. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "काका, बिल्ला तुमच्याकडे आहे. चला की, पाय दुखतात इथे." दादा वळला आणि गेला.

तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. म्हणजे जेव्हा उपयोग नव्हता तेव्हा. तिथे त्याचा खोका भरला जात होता. तांदूळ, पीठ, तेल, दूधपावडर, डब्यातले वाटाणे. मी शेल्फवरून साखर नसलेल्या बिस्किटांचा डबा उचलून त्यात ठेवला. दर वाढदिवसाला तो मावशीला पाठवतो तसाच. जादा काही घालायचं नाही असा नियम आहे. मी तोही मोडला.

बाहेर पडले तर दादा कोपऱ्यावर थांबला होता. त्याने सांगितलं, पंपांचा कारखाना दिवाळखोरीत जाऊन वर्ष होत आलं. या वयाचा नकाशे काढणारा कुणाला नको आहे. हल्ली तो एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहतो, लोखंडी शिडीने चढायचं. नळ खाली, सगळ्यांचा मिळून. फ्रिज विकला.

"आणि मावशीला हो म्हणालास?"

"आई येते म्हणाली आणि मी नको म्हणू? अजून महिना आहे. दोन ठिकाणी बोलणं चाललंय." मग म्हणाला, "चिंगीला कळता कामा नये. आईला तर नाहीच. तुझ्याकडून शब्द घेतोय, कारण तू पाळतेस."

मी दिला. तेव्हा मला त्याच्या मुठीतला बिल्ला दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. आता दिसतंय. मावशी, ती शिडी, उकाड्यात उशाशी ठेवलेली इंजेक्शनं, आणि शनिवार ते शनिवार पुरवायचा तो खोका.

हे तुला कळायलाच हवं. आणि मी सांगू शकत नाही.

२० मे

प्रिय चिंगे,

दादाला भेटले. तब्येत बरी आहे, थोडा वाळलाय. त्याच्या इमारतीतही जाऊन आले.

पण मावशीला या उन्हाळ्यात इतका प्रवास नको, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अजून थोडे महिने तुझ्याकडे ठेवून घेता येणार नाही का? अकरा वर्षं केलंस, तिला तुझी सवय आहे. अगदीच नसेल जमत तर तिला माझ्याकडे पाठव. माझं घर तळमजल्यावर आहे, फ्रिज मोठा आहे, आणि मी घरात बसूनच काम करते. दादा येऊन-जाऊन राहील.

फ्रिज आणि न्हाणीघराचं विचारलं होतंस. माझ्याकडे दोन्ही नीट आहे.

घशाला काय घेतेस?

तुझी,
मास्तरीण

२७ मे

मास्तरीण,

मी दादाच्या फ्रिजचं विचारलं होतं. तू तुझ्या फ्रिजचं लिहिलंस.

"ठेवून घेता येणार नाही का" हे वाक्य मी दोनदा वाचलं. अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच पडली नव्हती. रात्री ती उठली की मी उठते. हे महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असतात. तुला हे सगळं माहीत असून तू मला "प्रामाणिकपणे" कळवतेस.

आणि तुझ्याकडे का? मुलगा त्याच गावात असताना आई भाचीकडे राहणार? दादाला काय वाटेल? उद्या कुणी म्हटलं, मुलाने ठेवली नाही, तर तो कुठे तोंड दाखवेल? आमच्या घरी राहून तू शिकलीस त्याची भरपाई करायची असेल तर दुसरी वेळ शोध.

मला काय वाटतं सांगू? तुम्हा दोघांना सुटसुटीत राहायची सवय लागली आहे. तू शनिवारी परक्यांना डबे वाटतेस ते सोपं आहे. ते संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

तिकिटं तीच आहेत. अठ्ठावीस तारीख.

चिंगी

३१ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिंगीचं पत्र आलं. तिला वाटतंय, मावशी नको म्हणून मी खोडा घालते आहे. वाटू दे. पण तारीख पुढे सरकते आहे आणि तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहिते.

मी शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. म्हणूनच तुला विनवते, तूच तिला सांग. सगळं नको सांगूस. घर बदललंय आणि नवी जागा मावशीसाठी बरोबर नाही, एवढंच सांग. मावशी मागच्या महिन्यात ओट्याशी कोसळली होती. तुझ्या खोलीत ती शिडी चढेल कशी? आणि चढलीच, तर ते औषध तू कशात ठेवणार?

मला झोप लागत नाही रे. गप्प राहून मी तुझी लाज राखते आहे की मावशीचा जीव टांगणीला लावते आहे, ते मला ठरवता येत नाही.

दोन ओळी तरी लिही.

मास्तरीण

३ जून

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

फोनचं रिचार्ज राहिलंय, म्हणून हे पोस्टकार्ड. पाकीट परवडत नाही असं समजू नकोस, पोस्टकार्डावर उपदेशाला जागा कमी असते.

तू झोप. एका वर्कशॉपमध्ये सोमवारपासून बोलावलंय. मोजमापाचं काम आहे, टिकलं तर खालच्या मजल्यावर जागा देणार आहेत. औषधाचंही मी बघून ठेवलंय. गॅरेजमधल्या पोराकडे थंड पेयांची पेटी आहे, तो बर्फ देईल.

चिंगीला लिहायला दोनदा बसलो. "प्रिय चिंगी" लिहिलं की पुढे कारखान्यातला विनोद येतो. आईला मी नको कसं म्हणू, ते तू मला शिकव, तू एम.ए. आहेस.

खोक्यातला साखर नसलेल्या बिस्किटांचा डबा तूच घातलास ना? ओळखलं मी. आईचा वाढदिवस आठ तारखेला, म्हणून तिलाच पाठवला. नुसतं पाकीट बांधून टाकलं. यंदा चुकलं नाही, याचा आनंद झाला. कुणाला काय कळतंय.

दादा

१२ जून

प्रिय मास्तरीण,

मागच्या पत्रात मी जे शेवटी लिहिलं ते लिहायला नको होतं. पाकीट पेटीत पडल्यावर हात घालून काढता येत नाही. राग पूर्ण गेलेला नाही, पण ते वाक्य परत घेते.

आईचा वाढदिवस झाला. दादाने बिस्किटं पाठवली. आईने दिवसभर डबा मांडीवर ठेवला होता. कामवालीला, पेपरवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं, "मुलाने पाठवलाय."

आता नीट उत्तरं दे, तुझ्या पद्धतीने.

एक, अठ्ठावीसला गाडी पहाटे पोचते. दादाबरोबर तू येशील का थांब्यावर? दोन, तिकडे पाऊस सुरू झाला का, आईची शाल वर ठेवू की पेटीत? तीन, तुझ्या घराजवळ मधुमेहाचा डॉक्टर आहे का, नाव दे. चार, दादाने पाठवलेल्या डब्यावर मागच्या बाजूला काळ्या शाईची जाड रेघ आहे. दुकानात घेताना कुणी अशी मारतं का? आईला वाटतं डबा खराब होता म्हणून खूण केली असेल, ती खायला घाबरते. तू डब्यांचंच काम करतेस म्हणून विचारते. पाच, माझ्यावर अजून चिडलेली आहेस का?

चिंगी

१६ जून

प्रिय चिंगे,

हो, थांब्यावर येईन. दादा आला नाही तरी मी येईन.

पाऊस नाही. पण पहाटे गाडीत गार लागतं, शाल वरच ठेव.

डॉक्टर आहेत. माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, एक वयस्क बाई, घाई करत नाहीत. मावशीचं नाव मी नोंदवून ठेवलंय. आगाऊपणा वाटला तर रद्द करता येईल.

बिस्किटं अगदी चांगली आहेत. मावशीला म्हणावं, बिनघोर खा.

चिडलेली नाही. तुझं ते वाक्य खरंच होतं. परक्यांना डबे देणं सोपं असतं. माझंही एक वाक्य मला परत घ्यायचं आहे, "ठेवून घेता येणार नाही का" हे. तू का पाठवतेस ते मला माहीत नाही. माहीत नसताना लिहिलं.

मात्र माझ्या घराचं जे म्हटलं ते परत घेत नाही. पलंग खिडकीशी सरकवून ठेवलाय. हे वाचून पुन्हा रागावणार असशील तर रागाव, पण त्याआधी हे पत्र एकदा परत वाच.

मास्तरीण

२१ जून

मास्तरीण,

परत वाचलं.

मी पाच प्रश्न विचारले. तू चारांची उत्तरं दिलीस. चौथ्याला बिस्किटं चांगली आहेत असं लिहिलंस, रेघेबद्दल अक्षर नाही. आधी मी पान उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. मग तुझी जुनी पत्रं काढून बसले. इतक्या वर्षांत तू माझा एक प्रश्न सोडलेला नाहीस. मी थट्टेत विचारलेल्यालाही उत्तर असतं. फक्त दोनदा सोडलास. दादाच्या फ्रिजचा आणि या रेघेचा.

आणि मग "ओळखीचं कुणी रांगेत दिसलं तर मागच्या खोलीत जाऊन बसायचं" हे तुझं मे महिन्यातलं वाक्य वाचलं.

दादा मला दर रविवारी विनोद सांगत होता गं. आणि मी हसत होते.

आता तू काही लिहू नकोस. तू मला काही सांगितलेलं नाहीस. हे मी दादासमोर डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकते, कारण ते खरं आहे.

माझंही ऐक. घसा धरलेला नव्हता. दोन जुलैला माझं ऑपरेशन आहे. गर्भाशय काढणार आहेत. गाठ आहे, कसली ते काढल्यावर कळेल. नंतर दोन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, मग आईला कशी उचलू? तिला कळलं तर ती इथून हलणार नाही. दादाला कळलं तर तो सगळं सोडून इकडे धावत येईल, असं वाटलं. कशातून येणार होता, देव जाणे. तूही नुसती काळजी करत बसशील म्हणून तुलाही लिहिलं नाही. आपण तिघं म्हणजे एका माळेचे मणी.

दादाला आज पत्र टाकलंय. ऑपरेशनचं सांगितलं आणि लिहिलं, आईच्या डॉक्टरांनी तळमजलाच हवा म्हटलंय, तुझ्या इमारतीला जिने फार, म्हणून तिला मास्तरणीकडे उतरवते, तू रोज जाऊन येत जा. डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. हे खोटं माझं आहे. तुझ्या खात्यावर लावून घेऊन झोप उडवून घेऊ नकोस.

अठ्ठावीसला त्याला घेऊन ये. पेटी तो उतरवेल.

भीती वाटते.

चिंगी

१४ जुलै

प्रिय चिंगे,

रिपोर्ट साधा आला हे तुझ्या यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मावशी माझ्या शेजारी बसली होती. त्यामुळे मी म्हटलं, "बरं झालं, इकडे भाज्या महागच आहेत." त्यांना वाटलं असेल मला वेड लागलं. फोन ठेवून मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आता समजलं, तू इतकी वर्षं स्पीकर लावून कशी बोलत होतीस. टाके सुकले का? जेवण कोण करतं? खरं लिही, मी क्रमाने वाचणार आहे.

थांब्यावर दादा माझ्या आधी येऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट. गाडी यायला वेळ होता. तो म्हणाला, "तू सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्या इमारतीचे जिने एकदम तिच्या डोळ्यांवर कसे आले?"

मला हे टाळता आलं असतं. पण मी सांगितलं, "तिने डब्यावरच्या रेघेबद्दल विचारलं. मी उत्तर दिलं नाही."

तो रस्त्याकडे वळला. आता हा निघून जातो, असं मला वाटलं. तो दिव्याच्या खांबाला टेकला. मग म्हणाला, "डबा तू घातलास, पाठवला मी. दोघं हुशार." आणि थोड्या वेळाने, "शाळेतही तू अशीच. कॉपी करू द्यायची नाहीस आणि नावही सांगायची नाहीस. बाई आमच्याकडे बघायच्या आणि तू छताकडे. पकडले जायचो आम्ही." हसला नाही. पण गाडी आली तेव्हा पेटी त्यानेच उतरवली, आणि मावशीला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं.

मी शब्द पाळला की नाही, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. त्या गप्प राहण्यात तुला कळावं अशी इच्छा नव्हती का? होती. "परत वाच" असं मीच लिहिलं होतं. मग ते सांगणंच झालं. सिस्टरना सगळं सांगून टाकलं, नाव वगळून. रांगेत ओळखीचं दिसूनही उठले नाही, जादा डबा घातला, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम येणाऱ्याला आडोसा म्हणून केलाय, तुमच्या मनाला आडोसा म्हणून नाही." माझी डब्यांवरून बदली झाली आहे. सध्या बटाट्यांवर. "बटाटे काही बोलत नाहीत," म्हणे. काम मिळालं एकदाचं, जे पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

दादाला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं, ते आठवडाभर चाललं, मग त्यांनी थांबवलं. दुसरीकडे विचारतोय. शनिवारी तो अजून येतो. मी बटाट्यांसह मागच्या खोलीत असते, म्हणजे नियम आपोआप पाळला जातो. तिथून त्याचा आवाज येतो. रांगेतल्यांना कारखान्यातले विनोद सांगत असतो.

संध्याकाळी मावशीचं इंजेक्शन तोच देतो. नकाशे काढणारा हात आहे, तिला कळतसुद्धा नाही म्हणते. मग आम्ही तिघं जेवतो. पहिले दोन दिवस "जेवून आलोय" म्हणाला. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "तू ताटावर बसल्याशिवाय मी घास घेणार नाही, मग मला चक्कर आली तर तुझ्या डोक्यावर." तेव्हापासून बसतो.

आता ती रेघ. तुला उत्तर देणं बाकी आहे, पण आता तुला ते नको असेल.

तो डबा मावशी पेटीतून घेऊन आली आहे. बिस्किटं संपली, आता त्यात ती औषधाच्या पट्ट्या ठेवते. स्वयंपाकघराच्या फळीवर, समोरच. पुसताना मी तो कसाही ठेवला की थोड्या वेळाने तो फिरवलेला दिसतो. चित्र पुढे, रेघ भिंतीकडे. आधी मला वाटलं, तिला चित्र आवडत असेल. काल फाटकाची कडी वाजली, दादा येत होता. मावशी पलंगावरून उठली, भिंत धरत धरत फळीपर्यंत गेली, डबा बरोबर भिंतीकडे फिरवला आणि परत येऊन बसली.

मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तुझी,
मास्तरीण